मृदु स्वराचा गायक : नॅट किंग कोल

आवाज जितका मोठा तितकें गाणें चांगलें, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेंतील जॅझगायक नॅट किंग कोल ह्यांनीं मृदु स्वरानेंच लाखों श्रोत्यांचीं मनें जिंकिलीं. विद्यार्थीमित्रहो, त्यांचें चरित्र दुसऱ्या एका कारणासाठींही विचार करण्याजोगें आहे.

त्यांचें मूळ नांव नॅथॅनिएल अ‍ॅडम्स कोल्स. त्यांचा जन्म १७ मार्च १९१९ रोजीं अलाबामा संस्थानांतील माँटगोमरी येथें एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. ते चार वर्षांचे असतां कुटुंब शिकागो शहरीं राहावयास गेलें. वडील बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते. आई उपासनेच्या वेळीं ऑर्गन वाजवी, आणि पियानोचे पहिले धडे त्यांना तिनेंच दिले.

१९३७ सालीं त्यांनीं लॉस एंजेलिस येथें पियानो, गिटार व बास ह्या तीनच वाद्यांचा संच उभारला. प्रथम त्यांची कीर्ति पियानोवादक म्हणूनच होती. १९४३ सालीं त्यांनीं कॅपिटल कंपनीसाठीं एक गीत ध्वनिमुद्रित केलें. त्यांतील कथा वडिलांच्या उपदेशांतून घेतलेली होती. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर घेऊन उडे व उंचावरून टाकून त्यांना खाई. माकडानें मात्र शेपटीचा फास त्याच्या मानेभोंवतीं आवळून त्याला सरळ उडण्यास भाग पाडलें. ह्या गीतानें कोल घरोघरीं पोंचले.

पूर्वीं ध्वनिमुद्रणाच्या वेळीं कर्ण्यासमोर मोठ्यानें गावें लागे. हलका स्वर तबकडीवर नीट उमटत नसे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनचा उपयोग होऊं लागला आणि ही अडचण दूर झाली. कोल ह्यांनीं ह्या साधनाचा मर्म जाणला. समोर एकच श्रोता बसला आहे अशा रीतीनें, प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारून ते गात. ‘नेचर बॉय’ (१९४८), ‘मोना लिसा’ (१९५०) व ‘अनफर्गेटेबल’ (१९५१) ह्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका विख्यात आहेत.

परंतु ज्याचें गाणें गोऱ्या लोकांच्या दिवाणखान्यांत आवडीनें ऐकिलें जाई, तो गायक त्यांना शेजारी म्हणून नको होता. १९४८ सालीं कोल ह्यांनीं लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत वस्तींत घर घेतलें, तेव्हां तेथील रहिवाश्यांनीं संघटित विरोध केला. कोल कुटुंब तेथेंच राहिलें. १० एप्रिल १९५६ रोजीं बर्मिंगहॅम येथें ते गात असतां कांहीं गोऱ्या इसमांनीं रंगमंचावर चढून त्यांना खालीं पाडलें. त्याच वर्षीं सुरू झालेला त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम मोठे जाहिरातदार पुढें न आल्यामुळें १९५७ च्या अखेरीस बंद पडला.

त्यांना सिगारेटचें व्यसन होतें. १५ फेब्रुवारी १९६५ रोजीं, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, फुप्फुसाच्या कर्करोगानें ते निवर्तले. १९९१ सालीं त्यांची कन्या नॅटली हिनें पित्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणाशीं आपला स्वर जोडून ‘अनफर्गेटेबल’ पुन्हां गाइलें.

गुणी माणसाची कला घरांत घ्यावी आणि माणसाला मात्र दाराबाहेर ठेवावें, हा दोष एकट्या अमेरिकेचा नव्हे. आपण कोणाच्या श्रमांचा व गुणांचा लाभ घेतों, आणि त्यांपैकीं कोणाला आपल्या पंक्तीस बसवितों, ह्याचा विचार पालकांनीं व मुलांनीं एकत्र बसून करावा.