दांतांची झीज आणि कीड : नांदेड-लातूर प्रांतींचा एक विचार

उत्खननांत मनुष्याचा जबडा हातीं आला आणि त्यांतील दाढा सपाट व पिंवळट दिसल्या, म्हणजे पाहणारा बहुधा दोन अनुमानें चटकन करितो : मनुष्य वृद्ध होता, अथवा त्याचे दांत किडले होते. हीं दोन्ही अनुमानें पुष्कळदां चुकतात. आपल्या भाषेनें हा भेद पूर्वींच केला आहे. दांत किडतात, झिजतात, आंबतात, आणि कोणी झोंपेंत ते खातो. किडीमध्यें तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल निर्माण करितात. तिचा खळगा खोल जातो व त्याचा तळ मऊ पडतो. झिजेचा पृष्ठभाग कठीण व घोटल्यासारखा गुळगुळीत असतो. जुना जबडा पाहतांना ही पहिली कसोटी होय.

झिजेचें मुख्य कारण या प्रांतीं घरोघरीं होतें, तें म्हणजे जातें. लातूर जिल्ह्याची भूमि (१९८२ पूर्वीं ती उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे) आणि नांदेडचा बराच भाग काळ्या अग्निजन्य दगडाचा आहे. मोह्सच्या दहा अंशी काठिण्यमापावर दांतावरील शुभ्र कवच, म्हणजे दंतवल्क, सुमारें ५ भरतें. त्याखालील दंतिन सुमारें ३. आणि या दगडांतील फेल्डस्पार ६. जातें गुळगुळीत झालें कीं त्यास टांकी लावीत. त्यानंतर कांहीं दिवस पिठांत कचकच लागे, म्हणून जाणत्या बायका आधीं कोंडा फिरवून घेत. तथापि बारीक कण भाकरींत उतरतच, आणि ज्वारीची भाकरी दोन्ही वेळां चावावयाची. दंतवल्क एकदां संपलें कीं मऊ दंतिन झपाट्यानें झिजतें व दाढेवर वाटीसारखी खोलगट जागा होते. अजाण पाहणारा तिलाच कीड समजतो.

यामुळें वयनिर्णय अवघड होतो. ब्रॉथवेल यांचा १९६३ चा झिजेचा तक्ता इंग्लंडमधील प्राचीन सांगाड्यांवर आधारलेला आहे. तो जात्याच्या प्रदेशास जसाच्या तसा लावल्यास मनुष्य आहे त्याहून अधिक वयाचा ठरेल. माइल्स यांनीं त्याच सुमारास सुचविलेली रीत प्रस्तुत लेखकास अधिक ग्राह्य वाटते. पहिली दाढ सहाव्या वर्षीं, दुसरी बाराव्या व तिसरी अठराव्या वर्षाच्या सुमारास येते. म्हणून पहिल्या दोन दाढांच्या झिजेंतील अंतर म्हणजे त्याच तोंडांतील सहा वर्षांची झीज. बालकांचे जबडे पुरेसे असतील तर झिजेची गति त्या वस्तीवरूनच काढितां येते. घोड नदीकांठच्या इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. तेथें पुरलेल्यांत बालकेंच बहुसंख्य असल्यानें असा संच या कामास मोलाचा आहे.

दांतांच्या मुळाशीं पाचरीसारखी खांच दिसल्यास दोष अन्नाचा नव्हे, बोटाचा होय. मशेरी, राखुंडी अथवा विटेचा चुरा आडवा घासण्यानें ती पडते. दांतवण ही बाब निराळी. हिरड्यांतील तुरट द्रव्य आणि हिराकस यांच्या संयोगें काळा रंग चढे, व तो सौभाग्याचें लक्षण मानीत. हा काळेपणा कीड नव्हे, झीजही नव्हे. आंबट पदार्थांचें कार्य तर तिसरेंच. हरभऱ्याच्या पानांवरील आंब पहाटे फडक्यानें टिपून औषधास घेत. तींतील मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लांसारख्या आम्लांनीं दंतवल्क क्षणभर मऊ होतें, व त्याच वेळीं घासलेला दांत लवकर जातो.

नांदेडच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे, काळा दगड संपून ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटच्या भेगांतील खोल पाण्यांत फ्लुओराइड विरघळतें. पाण्याच्या लिटरमागें १.५ मिलिग्रॅमहून तें अधिक असलें कीं, बालपणीं दांत घडत असतांनाच दंतवल्कांत पांढरे, पुढें तपकिरी होणारे पट्टे येतात, व कधीं खड्डे पडतात. हे चट्टे जन्मभर पुसत नाहींत. म्हणून काळ्या दगडाच्या मुलुखांत पुरलेल्या प्रौढाच्या दांतांवर ते आढळल्यास त्याचें बालपण अन्यत्र गेलें असावें, असें अनुमान निघूं शकतें. मात्र मातींतील लोह व मँगनीज यांचेही डाग पडतात. तेव्हां डाग दंतवल्काच्या आंत आहे कीं वर बसला आहे, हें भिंगाखालीं पाहूनच तें अनुमान करावें.