पबमेडमध्ये काय मिळते?

पबमेड हा वैद्यकीय शोधनिबंधांचा डेटाबेस (शोध घेता येईल असा नोंदसंग्रह) आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तो उभारला आणि १९९७ पासून तो सर्वांसाठी मोफत आहे. दुबईतील वैद्यकीय महाविद्यालय असो वा मुंबईतील, तेथील विद्यार्थ्यांना तो सारखाच खुला आहे.

पबमेडवर प्रत्येक निबंध पूर्ण वाचता येतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथे शीर्षक, लेखक, नियतकालिक आणि बहुधा गोषवारा मिळतो. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी कळते, तिकीट मात्र वेगळे काढावे लागते, तसेच हे आहे. काही निबंध पबमेड सेंट्रल या २००० साली सुरू झालेल्या संग्रहात पूर्ण वाचता येतात. इतर अनेक निबंधांसाठी नियतकालिकाची वर्गणी लागते.

विद्यापीठाचे ग्रंथालय येथे उपयोगी पडते. ते वर्गणी भरते आणि विद्यार्थ्यांना लॉगिन देते. एखादा निबंध आपल्याकडे नसेल, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून (दुसऱ्या ग्रंथालयाकडून साहित्य मागवण्याची सोय) तो मिळवता येतो. मेश, म्हणजे निबंधांना दिलेली ठरावीक विषयशीर्षके, वापरून शोध कसा घ्यावा, हेही ग्रंथपाल शिकवतात. ‘हार्ट अटॅक’ आणि ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या दोन्ही नावांनी लिहिलेले निबंध एकाच शीर्षकाखाली सापडतात ते त्यामुळेच.