मुख आणि विभाव : तंजावरातील दोन दृष्टी

दुसऱ्या सरफोजी राजांनी (राज्यकाल १७९८-१८३२) समृद्ध केलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात शार्ल ल ब्रँ (१६१९-१६९०) ह्या फ्रेंच चित्रकाराची मुखसामुद्रिकाची चित्रे आहेत. त्यांत मनुष्याची व पशुपक्ष्यांची मुखे शेजारी मांडली आहेत. स्वभाव मुखाच्या ठेवणीतच वाचावा, ही त्यांमागील धारणा.

ह्याच दरबाराने जोपासलेल्या अभिनयपरंपरेची दृष्टी निराळी आहे. मुखावर उमटतो तो अनुभाव. त्याचा अर्थ ठरतो विभावाने, म्हणजे कारणीभूत व्यक्ती व परिस्थिती ह्यांनी. तेच अश्रू वियोगात शोकाचे, पुनर्भेटीत आनंदाचे.

आधुनिक मानसशास्त्राचा कौल ह्या दुसऱ्या दृष्टीकडे आहे. निर्विकार मुख शोकप्रसंगाशेजारी दाखविले, की पाहणाऱ्यास ते खिन्न भासते. स्मृतीही परिस्थितीशी बांधलेली असते. नेहमीच्या परिसराबाहेर परिचित मुखही चटकन ओळखू येत नाही. तीव्र भयात पाहिलेले अनोळखी मुख मनावर पक्के कोरले जाते, असा समज आहे. साक्षीदारांवरील अभ्यासांत मात्र अशी ओळख अधिक चुकते, असे आढळले आहे.

म्हणून केवळ मुखावरून कोणास अपराधी ठरविण्यापूर्वी, ते मुख आपण कोणत्या भावस्थितीत पाहिले, हे तपासणे न्यायाचे ठरते.