शेपटीवरची शिट्टी

बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांवरून, ज्यांना तिथे हूटोंग म्हणतात, पाळीव कबुतरांचा थवा घिरट्या घालू लागला की आकाशातून एक लांबलचक, घुमणारा सूर खाली येतो. थवा वळला की सूरही वळतो. हा आवाज कबुतरांच्या गळ्यातला नव्हे आणि पंखांचाही नव्हे. त्यांच्या शेपटीवर शिट्ट्या बांधलेल्या असतात. कशासाठी, असं विचारलं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर ठरलेलं आहे: थवा एकत्र राहावा आणि ससाणा जवळ येऊ नये.

शिट्टी म्हणजे बांबूच्या नळ्या, नाहीतर चिमुकला वाळका भोपळा. काहींमध्ये भोपळ्यावरच बारीक नळ्या बसवतात. प्रत्येक पोकळीच्या तोंडावर झाकण आणि झाकणाला तिरपी फट. कबुतर उडालं की समोरचा वारा त्या फटीत शिरतो आणि शिट्टी बोलते. बसलं की गप्प. पक्ष्याला भार होऊ नये म्हणून बांबू आतून-बाहेरून तासून कागदासारखा पातळ करतात, वरून लॅकरचा हात देतात. एवढं करूनही वजन काही ग्रॅमच भरतं. नावाजलेले कारागीर शिट्टीच्या बुडाशी आपली खूण म्हणून एखादं अक्षर कोरत.

बांधण्यातही कसब आहे. कबुतराच्या शेपटीत साधारण 12 पिसं असतात. त्यातली मधली चार बुडाजवळ सुईदोऱ्याने एकमेकांना टाचतात, शिट्टीची खालची जीभ त्यांच्यामध्ये खोचतात आणि तिच्या भोकातून बारीक तार ओवून अडकवतात. पिसं झडली की पुन्हा पहिल्यापासून. थव्यातल्या सगळ्यांना शिट्टी नसते. मोठा भोपळा खर्जात घुमतो, बारीक नळ्या वरच्या पट्टीत वाजतात, आणि कोणत्या कबुतरावर काय बांधायचं हे शौकीन कानाने ठरवतो. वांग शिशियांग (1914–2009) या संग्राहकाने या शिट्ट्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं, ते उगाच नव्हे.

पण ससाण्याचं काय? पुराणवस्तूंचे अभ्यासक बर्थोल्ड लाउफर यांनी 1908 साली या शिट्ट्यांवर लेख लिहिला, तेव्हाच त्यांना हे कारण पटलं नव्हतं. भुकेला ससाणा असल्या निरुपद्रवी संगीताने भक्ष्य सोडेल कसा, अशी त्यांची शंका. मलाही ती रास्त वाटते. ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने सूर मारणारा बहिरी ससाणा शिट्टी ऐकून थबकेल हे कठीणच. उलट शिट्टी ठावठिकाणा सांगते. 1041 साली पश्चिम शिया राज्याच्या सैन्याने चीनच्या सोंग राजवटीविरुद्ध हाच गुण वापरला होता. सोंग सैन्याच्या वाटेवर त्यांनी बंद पेट्या ठेवल्या. त्या उघडताच शिट्ट्या बांधलेली शंभरावर कबुतरं वर उडाली आणि दबा धरून बसलेल्यांना शत्रू कुठे आहे ते कळलं.

गंमत अशी की ससाण्यापासून वाचवणारी वस्तू कबुतराच्या शेपटीपाशी खरंच असते, फक्त ती वाजत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे सात वर्षं बहिरी ससाण्यांच्या हल्ल्यांची नोंद ठेवली गेली. निष्कर्ष 2005 साली ‘नेचर’मध्ये आले. शेपटीच्या वर, कमरेवर पांढरा पट्टा असलेली कबुतरं तिथल्या थव्यांत सुमारे 20 टक्के, पण मारल्या गेलेल्यांत जेमतेम 2 टक्के. संशोधकांनी कमरेवरच्या पिसांची अदलाबदल केली, तशी शिकारही उलटली. कबुतर ऐन वेळी कलंडून निसटतं, तेव्हा लखलखणारा पांढरा रंग ससाण्याची नजर चुकवत असावा.

ब्रिटनने मात्र सरळ बंदूक उचलली. संदेशवाहक कबुतरं वाचवण्यासाठी 1940 साली सरकारी आदेश निघाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे 600 बहिरी ससाणे मारले गेले. शिट्टी निरुपयोगी असेल, पण या उपायापेक्षा शंभर पटींनी शहाणी.

आपल्याकडे गच्चीवर कबुतरं पाळणाऱ्यांना शिक्र्याचा जाच ठाऊक असेल. शिक्रा असो की बहिरी ससाणा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे. तेव्हा गलोल ठेवून द्या. खुराड्याला वरूनही जाळी घाला, शिक्रा आसपास बसलेला दिसला तर त्या दिवशी थवा सोडू नका, आणि रोज ठरल्या वेळी उडवण्याची सवय मोडा, कारण ती वेळ त्यालाही पाठ होते.