नसलेल्या शाळेची परीक्षा

मंडळी, आज ज्या प्रश्नावर बोलायचं आहे तो वरवर पाहता कारकुनी वाटेल. अमेरिकेतल्या एखाद्या शहरात नवी चार्टर शाळा काढायची आहे. काही लोकांनी मिळून दोन-तीनशे पानांचा प्रस्ताव दाखल केला आहे. शाळा अजून नाही. इमारत नाही, मुलं नाहीत, बऱ्याचदा मुख्याध्यापकही ठरलेले नाहीत. आहे तो फक्त कागद. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या चार-पाच जणांनी तो वाचून हो किंवा नाही म्हणायचं. ते हो म्हणाले, तर वर्ष-दीड वर्षाने शंभर-दीडशे खरीखुरी मुलं त्या कागदाच्या भरवशावर दप्तर घेऊन घराबाहेर पडणार. जी गोष्ट अजून अस्तित्वातच नाही तिच्याबद्दल आपल्याला काय कळू शकतं, आणि पुरतं कळलेलं नसताना निर्णय घेणं भाग असेल तर तो कशाच्या आधारावर घ्यायचा, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न आहे. म्हणून तो इथे आणतोय. हे प्रस्ताव तिकडे सार्वजनिक असतात, कुणालाही वाचता येतात. निवृत्तीनंतर माणसांना नाना नाद लागतात. मला हा लागला.

आधी थोडी पार्श्वभूमी. चार्टर म्हणजे आपली सनद. रे बड नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्राध्यापकांनी कल्पना मांडली की शिक्षकांच्या गटांना सनद द्यावी आणि वेगळ्या पद्धतीने शिकवू द्यावं. १९८८मध्ये शिक्षकांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी ती उचलून धरली. १९९१मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा सुरू झाली. गंमत अशी, की ज्या शँकरांनी ही कल्पना गाजवली तेच पुढे काही वर्षांत तिचे टीकाकार झाले. आज अशा शाळांमध्ये ३५ लाखांहून जास्त मुलं शिकतात.

ही खाजगी शाळा नव्हे, हे नीट लक्षात घ्या. फी नाही. प्रवेश सर्वांना खुला. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत, आपल्याकडे आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी निघते तशी. पैसा सार्वजनिक, दर मुलामागे ठरलेला. सौदा असा की सरकार नियमांचं ओझं हलकं करणार आणि त्या बदल्यात शाळेने निकाल दाखवायचा. सनद मुदतीची असते, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये पाच वर्षांची. निकाल नाही दिसला तर सनद काढून घेतली जाते आणि शाळा बंद होते.

सनद देणार कोण, हे राज्यागणिक बदलतं. मॅसॅच्युसेट्समध्ये एकटं राज्य शिक्षण मंडळ देतं. न्यूयॉर्कमध्ये स्टेट युनिव्हर्सिटीचे विश्वस्त आणि राज्याचं रीजंट्स मंडळ, असे मुख्यतः दोन दरवाजे आहेत. ओहायोत मात्र अनेक संस्थांना हा अधिकार मिळाला, आणि आपण पुरस्कृत केलेल्या शाळेच्या सरकारी पैशातून तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याची मुभाही मिळाली. म्हणजे परीक्षकाचं मानधन विद्यार्थी पास झाला तरच. यावर जास्त बोलायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. न्यायदर्शनात अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत. ढग दाटून आले, तेव्हा पाऊस पडेल, हे कारणावरून कार्याचं अनुमान. त्याला पूर्ववत् म्हणतात. नदीला गढूळ पूर आला, तेव्हा वर कुठेतरी पाऊस झाला असणार, हे कार्यावरून कारणाचं, ते शेषवत्. पाच वर्षांनी सनदेचं नूतनीकरण करताना परीक्षक शेषवत् अनुमान करतात. पूर समोर असतो: मुलांचे निकाल, शाळा सोडून गेलेल्यांची संख्या, लेखापरीक्षण. नव्या प्रस्तावाच्या वेळी मात्र फक्त ढग असतो, आणि तोही कागदावर काढलेला. त्यामुळे सारी मदार शब्दप्रमाणावर येते, आणि शब्दप्रमाणाची अट जुनीच आहे: बोलणारा आप्त हवा. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो फसवणार नाही, असा. प्रस्तावाची छाननी म्हणजे या आप्ततेची परीक्षा. सुबक लिखाणाने ती सिद्ध होत नाही. प्रस्ताव लिहून देणारे व्यावसायिक सल्लागार तिकडे मिळतात, आणि ते फार छान लिहितात.

मग चांगला परीक्षक काय करतो? तो प्रस्ताव पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही. तो प्रस्तावाची पानं एकमेकांशी भांडायला लावतो. ध्येयाच्या प्रकरणात लिहिलेलं असतं की वाचनात मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला रोज लहान गटात स्वतंत्र शिकवलं जाईल. ठीक. आता वेळापत्रकाचं पान उघडा. तो तास कुठे आहे? सापडला, तर शिक्षकांच्या यादीवर या. त्या तासाला हे शिक्षक दुसऱ्या वर्गावर तर नाहीत? तिथेही जमलं, तर अंदाजपत्रक. त्या शिक्षकांचा पगार पहिल्या वर्षापासून धरलाय की तिसऱ्या? अशी तीन पानं शेजारी ठेवली की पुष्कळशी ध्येयं आपोआप गळून पडतात.

विशेष गरजा असलेल्या मुलांचा भाग तर हटकून असा वाचावा. त्यांना योग्य शिक्षण देणं केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे, सनद मिळाली म्हणून त्यातून सुटका नाही. म्हणून प्रत्येक प्रस्तावात एक प्रकरण असतंच. आणि पुष्कळदा ते इतकं बिनचूक असतं की कायद्याच्या मसुद्यातून उचललेलं वाटावं. प्रश्न साधा असतो. न बोलणारं, वर्गातून पळून जाणारं एक सहा वर्षांचं मूल सोडतीत पहिल्या क्रमांकावर आलं. सोमवारी सकाळी त्याच्याबरोबर कोण असेल? त्या प्रकरणात याचं उत्तर नसेल, तर ते प्रकरण नाहीच असं समजावं.

तसंच मागणीच्या पुराव्याचं. परिशिष्टात पालकांच्या सह्यांचे गठ्ठे असतात. किराणा दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने आईला विचारलं, 'तुमच्या भागात चांगली शाळा हवी का?' नाही कोण म्हणेल? सही झाली. पण पोराला चालू शाळेतून काढून नव्या, अनोळखी शाळेत घालीन, असं तिने म्हटलेलं नाही. आणि सगळं अंदाजपत्रक त्या सहीवर उभं. समजा, १३२ मुलं येतील असं धरलं आणि आली ११०. बावीस मुलांचे पैसे गेले. इमारतीचं भाडं तेवढंच राहतं, विमा तेवढाच. मग कात्री कशाला लागेल? हा प्रश्न समोर बसलेल्या मंडळींना विचारावा आणि गप्प बसावं. शाळा चालवायचा खरा विचार केलेली माणसं लगेच सांगतात, पहिल्यांदा हे काढू, हे मात्र काही झालं तरी नाही. बाकीचे म्हणतात, आम्हाला १३२ मुलं नक्की मिळतील.

मुलाखत म्हणूनच महत्त्वाची. कागदावर सही विश्वस्त मंडळाची असते, सनदही कायद्याने त्यांनाच मिळते; पण प्रस्ताव दुसऱ्याने लिहिलेला असला की ते पंधरा मिनिटांत उघडं पडतं. नोव्हेंबरमध्ये मुख्याध्यापकांनी राजीनामा दिला तर तुम्ही काय कराल, एवढं विचारलं की मंडळ आहे की नावांची यादी आहे, ते कळतं.

इतकं करूनही खात्री मिळत नाही. निर्णय दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. वाईट शाळेला हो म्हटलं, तर ती चूक दिसते: निकाल खालावतात, बातम्या येतात, शाळा बंद होते. चांगल्या शाळेला नाही म्हटलं, तर ती चूक कुणालाच दिसत नाही, कारण न निघालेल्या शाळेचे निकाल लागत नाहीत. म्हणून कातडीबचाऊ परीक्षक नेहमी नकाराकडे झुकतो, आणि त्याला कुणी जाब विचारत नाही.

पुरावा काय सांगतो? २००९मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने मोठा अभ्यास केला. गणितात फक्त १७ टक्के चार्टर शाळा तुलनेच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के वाईट, बाकीच्या सारख्याच. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पण त्याच केंद्राने २०१५मध्ये ४१ शहरी भागांपुरतं पाहिलं, तेव्हा सरासरी चार्टरच्या बाजूने झुकलेली होती. बॉस्टनमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी सोडतीचाच उपयोग केला: नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं घेऊन तुलना केली. सोडत आंधळी असल्यामुळे ही तुलना निर्मळ होते. लाभ मोठा निघाला. म्हणजे शहरातल्या गरीब मुलासाठी चांगल्या प्रस्तावाला दिलेला नकार ही लहान गोष्ट नाही. तिथे मुलाची वर्षं जातात.

न्यू ऑर्लिन्स बघा. २००५मध्ये कॅटरिना वादळाने शहराची शाळाव्यवस्था वाहून नेली आणि राज्याने बहुतेक शाळा आपल्याकडे घेतल्या. चार्टरसाठी आलेले अर्ज तपासायला बाहेरच्या राष्ट्रीय संस्थेला बोलावलं. तिने काटेकोर छाननी करून पहिल्या फेरीत बहुतेकांना नकार सुचवला. पद्धत म्हणून उत्तम. पण कुटुंबं शहरात परतत होती. राज्याने स्वतः चालवलेल्या शाळांमध्ये शिक्षक कमी, वर्गखोल्या कमी. २००७च्या जानेवारीत शेकडो मुलं जागा नाही म्हणून प्रतीक्षायादीवर होती. मी परीक्षकांना दोष देत नाही. तेव्हा ढिलाई केली असती तर कच्च्या शाळांचं पीक आलं असतं. सांगायचं एवढंच, की नकार म्हणजे सुरक्षित जागा नव्हे.

मग संशयाचा फायदा कुणाला द्यायचा? न्यायालयात तो आरोपीला मिळतो, कारण समोर राज्याची अफाट ताकद असते. इथे अर्जदार तो मागतात. त्यांची तळमळ खरी असते, डोळ्यांत दिसते. पण ते आरोपी नाहीत आणि नकाराने त्यांचं जाणार तरी काय? फायदा मुलाला मिळायला हवा. कोणत्या मुलाला, हा पेच आहे. नव्या शाळेत फसेल त्याला, की आज जुन्या वाईट शाळेत अडकलंय त्याला? माझं मत असं, की प्रस्तावाची तुलना आदर्श शाळेशी करू नये. त्या वस्तीतली मुलं आज प्रत्यक्ष ज्या दोन-तीन शाळांत जातात, त्यांच्याशी करावी. परीक्षकाने तिथे जाऊन एक दिवस बसावं. आणि जी मुलं त्या शाळांतच राहणार त्यांचंही बघावं, कारण मुलाबरोबर पैसा जातो आणि मागे उरलेल्या शाळेचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ साली नव्या चार्टरची मर्यादा वाढवायला मतदारांनी सुमारे ६२ टक्क्यांनी नकार दिला, त्यामागे ही चिंता मोठी होती.

आणखी एक गोष्ट मला खटकते. खात्री हवी म्हणून परीक्षक अनुभवी संस्थांकडे वळतात. मॅसॅच्युसेट्सने तर २०१०च्या कायद्यात सगळ्यात कमकुवत जिल्ह्यांतल्या वाढीव जागांसाठी सिद्ध झालेल्या संस्थांचीच अट घातली. तर्क शुद्ध आहे, शेषवत् अनुमान आहे. पण मग वस्तीतल्या चार शिक्षिका, ज्यांना ती मुलं नावानिशी ठाऊक आहेत, त्यांनी सिद्ध कधी व्हायचं? मूळ कल्पना त्यांच्यासाठीच तर होती. अशांना नाही म्हणायचं असेल तर कारणं लिहून द्यावीत, इतकी स्पष्ट की पुढच्या वर्षी त्या परत येऊ शकतील. आपल्याकडे २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली नवी शाळा काढताना जागा आणि ठेव यांची चौकशी होते. न वाचता येणाऱ्या मुलाचं काय करणार, याची तशी होत नाही. निदान तिकडे तो प्रश्न विचारला तरी जातो.

शेवटी प्रस्तावाच्या अगदी तळाशी असलेल्या एका प्रकरणाबद्दल. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार अर्जदाराला सांगावं लागतं, की उद्या शाळा बंद झाली तर काय होईल: मुलांची आणि त्यांच्या कागदपत्रांची रवानगी कशी, मालमत्तेची विल्हेवाट कशी. सुरू व्हायच्या आधी मरणाची तजवीज. बहुतेक जण दोन पानांत आटपतात. संगणक कुणाला, बाकं कुणाला, दप्तरखाना कुठे, हे व्यवस्थित असतं. मुलांबद्दल एक वाक्य असतं, की त्यांना जिल्ह्याच्या शाळांकडे वर्ग केलं जाईल. त्या शाळांमध्ये जागा आहे का, ज्या शाळेतून ते मूल पळून आलं होतं तिथेच परत जाणार का, आईला ते कोण आणि किती महिने आधी सांगणार, हे कुणी लिहिलेलं असेल, तर तो प्रस्ताव मी बाजूला काढून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेईन. अशी माणसं हो म्हणायच्या लायकीची असू शकतात. आता तुमचे प्रश्न घेऊ.