पावसाच्या पाण्यास थांबण्याची जागा

ज्येष्ठ महिन्यांत आपल्या धामणगांव बढे येथील शिवारांतून जातांना काळ्या जमिनीस पडलेल्या भेगा तुम्हीं पाहिल्या असतीलच. मृगाचा पहिला पाऊस ही जमीन घटाघट पिऊन टाकते आणि नाला कोरडाच राहतो. पुढें आषाढांत माती फुगून भेगा मिटतात. मग तितकाच पाऊस पडला तरी नाला दुथडी भरून वाहतो. पाऊस तोच, उतारही तोच; परंतु पाण्यास थांबावयास जागा उरलेली नसते. एवढें ध्यानांत धरिलें म्हणजे शेकडों किलोमीटर दूर असलेल्या मुंबई शहराचें दुःख समजण्यास अडचण पडणार नाहीं. मलकापुरास आगगाडींत बसून आपल्या भागांतील किती तरी मुलें पोटासाठीं त्या शहरीं जातात. तेव्हां तें दुःख अगदींच परक्याचें नव्हे.

मुंबई हीं मूळचीं सात बेटें. भरतीच्या वेळीं त्यांच्यामधील खाजणांत समुद्राचें पाणी शिरे व ओहोटीबरोबर परत जाई. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दींत महालक्ष्मी व वरळी यांमधील मोठें खिंडार बांध घालून बंद करण्यांत आलें. तें काम 1784 च्या सुमारास पुरें झालें. पुढें खाजणें भरत भरत एकसंध शहर उभें राहिलें. परंतु भराव घातला म्हणून जमीन उंच झाली असें नव्हे. त्यांतील कित्येक भाग आजही सखलच आहेत.

अशा शहरांतील पावसाचें पाणी गटारांवाटे समुद्रास जातें. मुंबईचीं जुनीं गटारें तासाला सुमारें 25 मिलिमीटर पाऊस, व तोही ओहोटीच्या वेळीं, वाहून नेण्याच्या बेतानें बांधलेलीं होतीं. यांतील ‘ओहोटीच्या वेळीं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भरतीनें समुद्राची पातळी गटाराच्या तोंडावर आली कीं आंतलें पाणी बाहेर पडेना, उलट समुद्रच आंत येऊं पाहतो. दिवसांतून दोनदां समुद्र शहराचें दार असें लावून घेतो. त्याच वेळीं जोराची सर आली, तर मोठ्यांतलें मोठें गटारही घागरीसारखेंच; भरलें कीं संपलें. 1993 सालच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानें हें माप तासाला 50 मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची सूचना केली, आणि हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे ठिकाणीं पाणी समुद्रांत उपसून टाकणारीं पंपगृहेंही पुढें उभीं राहिलीं. त्यांचा उपयोग होतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. आपल्या जिल्ह्यांत सरासरीनें सबंध पावसाळ्यांतही इतका पडत नाहीं. शंभर मीटर लांब व तितकेंच रुंद मैदान घेतलें, तर त्या एका मैदानावर सुमारें 94 लाख लिटर पाणी आलें! कुलाब्यास त्याच दिवशीं अवघा 73 मिलिमीटर पाऊस होता. शेकडों माणसें प्राणांस मुकलीं.

त्यानंतर लोकांस मिठी नदीची आठवण झाली. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यापासून निघून सुमारें 18 किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळाची धावपट्टी तिच्यावरून गेली आहे. तिच्या कांठच्या दलदलीवर भराव घालून वांद्रें-कुर्ला संकुल उभें आहे. आणि उरल्या जागीं गरिबांच्या झोपड्या. दोष बहुधा झोपड्यांस दिला जातो. धावपट्टीस दिलेला मीं क्वचितच ऐकिला.

मग उपाय कोणता? ‘पाणी जमिनींत मुरवा’ हा आपल्याकडील उपदेश तेथील सखल भागांत फारसा चालत नाहीं, कारण पावसाळ्यांत जमिनीखालचें पाणी आधींच वर आलेलें असतें. मुरवावयाचें तें वर, डोंगरउतारावरील रानांत. खालीं करावयाचें काम निराळें: दार उघडेपर्यंत, म्हणजे ओहोटी लागेपर्यंतचे चार-सहा तास, पाण्यास बसावयास जागा देणें. तळीं, खोलगट मैदानें, नदीचे मोकळे कांठ हीं अशी बैठक होत. आणि सर्वांत मोठी बैठक म्हणजे खाडीकांठचें कांदळवन. तिवराच्या झाडाखालीं पाहावें तर चिखलांतून बोटांसारखीं असंख्य मुळें वर आलेलीं दिसतात. त्यांवाटे झाड श्वास घेतें. त्या मुळांत शिरलेल्या पाण्याचा वेग मोडतो, गाळ तेथेंच बसतो, आणि पाणी रुंद पसरल्यामुळें त्याची उंची कमी राहते. अशा वनावर भराव टाकणें म्हणजे एका परीनें गटार बुजविणेंच होय. मुंबईच्या उच्च न्यायालयानें 2005 सालीं कांदळवनांच्या तोडीस मनाई केली व 2018 सालीं ती कायम केली.

यानें सर्व पूर टळतील असें मात्र कोणीं मानूं नये. चीन देशानें 2015 सालीं 16 शहरें निवडून त्यांस ‘स्पंज-शहरें’ करण्याचा उपक्रम आरंभिला. पुढें झेंगझोऊ नांवाच्या शहरानेंही या कामीं मोठा खर्च केला. तरी 2021 च्या जुलैंत तेथें एका तासांत 200 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला व तें बुडालें. 944 मिलिमीटरांपुढें कांदळवनही हतबलच ठरेल. पण तसा दिवस एखादाच असतो. भरती व मोठी सर एकदम येणारे दिवस प्रत्येक पावसाळ्यांत येतात, आणि गरिबाचें पीठ-मीठ भिजतें तें त्या दिवशीं.

आमचा एक माजी विद्यार्थी कुर्ल्यास राहतो. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला होता. पावसाळ्यांत साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या तारखा तो भिंतीवर लिहून ठेवतो. त्या दिवशीं पाऊस लागला कीं धान्याचा डबा व मुलांचीं पुस्तकें माळ्यावर जातात. “सर,” तो म्हणाला, “आमच्या शेतास वडिलांनीं बांध घातला, तेव्हां पाणी शेतांत थांबावें म्हणून घातला. येथें नदीला दोहों बाजूंनीं भिंती घातल्या आहेत. मग आमच्या गल्लींतलें पाणी नदींत जावें तरी कोठून?”