कुरडयांची चित्रफीत

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव यंदा नववींत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टींत त्यांना निबंधाऐवजीं घरांतील एखाद्या कामाची तीन मिनिटांची चित्रफीत करावयास सांगितलेलें होतें. तें ऐकून आमच्या कपाळाला आठी पडली. लेखणी सुटली आणि हातीं खेळणें आलें, असें वाटलें. तो तर्क चुकला, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

मुलानें विषय घेतला आजीच्या कुरडयांचा. गहूं तीन दिवस भिजणार, चौथ्या दिवशीं वाटून चीक निघणार, तो रात्रभर निवळणार, मग शिजवून सोऱ्यानें पाडलेल्या कुरडया उन्हांत वाळणार. फोनवर टिपलेलें चित्रण पाऊण तास भरलें. आतां त्यांतून ठेवावयाचें काय?

येथें आम्हांला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ सालीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्यापुढें कॅमेरा ठेवून, रोज थोडें थोडें चित्रण करीत, अंकुराची वाढ दाखविणारा छोटा चित्रपट केला. तो पाहून त्यांना भांडवल मिळालें आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत लोकांपुढें आला. ही हकीगत ऐकतांच मुलानें हिशेब मांडला: सेकंदाला चोवीस चित्रें लागतात, तासाला एक घेतलें, तर अख्खा दिवस एका सेकंदांत संपतो! भिजून फुगणारे गहूं त्यानें तसेच दाखविले. भूमितींत याच मुलाला आम्हीं किती बोल लावले होते!

चित्रफीत तयार झाली. मंडळी खूष, आई मात्र गप्प.

“अरे, चिकावरचें पाणी मी ओतून दिलें, तें कुठें आहे?”

“नुसतें पाणीच होतें, आजी. म्हणून कापलें.”

“तें आंबट पाणी राहिलें, तर कुरडई आंबट होईल. आणि त्याखालचा चीक मोजल्यावांचून आधणाचें माप तूं कशावरून धरणार?”

मुलानें तें पाणी ओततांना आठ दिवसांपूर्वीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, फोननें टिपलें होतें; कळलें मात्र कापल्यावर. मग तो वही घेऊन आजीजवळ बसला. चित्रांबरोबर बोलावयाचा मजकूर त्यानें चार वेळां लिहिला; ‘थोडें’, ‘बरेंच’ हे शब्द आईनें चालूं दिले नाहींत.

पाण्याचें दृश्य परत आलें. पण मिनिटें तीनच! जागा हवी म्हणून आमचें कुरडई खातांनाचें चित्र गेलें.